इन्चार्ज सिस्टर झालात? मग आधी स्वतःचा आवाज ओळखा

मी वॉर्डची इन्चार्ज, म्हणजे तिथल्या नर्सेसची प्रमुख, झाले तेव्हा माझ्या ताब्यात तीन गोष्टी आल्या, औषधाच्या कपाटाची किल्ली, ड्युटी रोस्टरचं रजिस्टर आणि एक फिरती खुर्ची जिचं एक चाक कधीच गायब झालेलं होतं. माणसं कशी सांभाळायची ते कोणीच सांगितलं नाही. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या, तीन वर्षांत कॅथेटर कसा घालायचा, बेड कसा लावायचा, चादरीचे कोपरे कसे दुमडायचे सगळं शिकवतात, पण नाईट करून आलेली मुलगी रडायला लागली की काय करायचं, किंवा सर्जन सगळ्या वॉर्डसमोर ओरडला की चेहरा कुठे ठेवायचा, हे कुठल्याच पेपरला नव्हतं. हात चांगला चालतो, सिनिऑरिटी आहे, म्हणून इन्चार्ज केलं, झालं.

पहिल्या वर्षातला एक किस्सा सांगते, पुण्यातल्याच एका हॉस्पिटलातला, नाव नको. मेडिसिन वॉर्ड, एका काकांना जेवणाआधी २० युनिट इन्सुलिन लिहिलेलं. व्हायल (औषधाची छोटी बाटली) घरून आणलेली, १०० ची, म्हणजे एका एमएलमध्ये १०० युनिट, आणि ट्रेमध्ये सिरिंज होती लाल टोपणाची, म्हणजे ४० ची, एमएलला ४० युनिटवाल्या इन्सुलिनसाठी. नवीन मुलीने २० च्या रेघेपर्यंत भरलं आणि दिलं. ज्यांना हिशोब माहितीये त्यांच्या पोटात आत्ताच गोळा आला असेल. ४० च्या सिरिंजवर २० ची रेघ म्हणजे अर्धा एमएल, आणि १०० च्या व्हायलमधून अर्धा एमएल म्हणजे ५० युनिट. व्हायल परत ठेवताना तिच्या लक्षात आलं. आणि ती गप्प बसली. तासाभराने वॉर्डातल्या कामवाल्या मावशी धावत आल्या, "मॅडम, काकांना घाम फुटलाय बघा, बनियन पार भिजलंय." शुगर ४६, फारच कमी. डॉक्टरना बोलावलं, २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, काका सावरले, संध्याकाळी चहासाठी भांडत होते. पण मी तिला विचारलं की बाई तेव्हाच का नाही सांगितलंस, तर ती म्हणाली, "मॅडम, काल सलाईनच्या बाटलीवर टाइम नव्हता टाकला तर तुम्ही एवढं बोललात…"

वाक्य पूर्ण नाही केलं तिने. गरजच नव्हती. बाटलीवरच्या टाइमसाठी मी आदल्या दिवशी जो आवाज लावला होता त्याची किंमत एका शुगर पेशंटने मोजली असती. त्या दिवसापासून मी हा विषय सिरियसली घेतला आणि जे काही मला उपयोगी पडलं ते इथे पायरी पायरीने लिहितेय. इन्चार्ज, सुपरवायझर, मेट्रन (हॉस्पिटलच्या मुख्य नर्स), कोणालाही चालेल, टीम लीडर ब्रदर्सनाही.

आधी एक गैरसमज. भावनिक बुद्धिमत्ता म्हटलं की लोकांना वाटतं गोड बोलायचं, सगळ्यांना बेटा बेटा करायचं. मुळीच नाही. हा शब्द पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये एका पेपरात नीट मांडला आणि १९९५ नंतर डॅनियल गोलमन यांच्या लिखाणामुळे तो घरोघरी पोचला. माझ्या भाषेत सांगायचं तर चार कामं आहेत, माझ्या आत काय चाललंय ते कळणं, ते आवरणं, समोरच्याच्या आत काय चाललंय ते ओळखणं, आणि मग त्यानुसार वागणं. क्रम महत्त्वाचा. ट्रेनिंगला बोलावतात ते लोक सरळ चौथ्या कामावर उडी मारतात, असं हसा, तसं बोला. पहिलं झालं नसेल तर चौथं नाटक वाटतं, आणि स्टाफला नाटक दोन मिनिटांत कळतं.

पायरी १ : पंधरा दिवस खिशातली वही

ॲप्रनच्या खिशात मावेल अशी छोटी वही घ्या. पंधरा दिवस फक्त एवढंच लिहायचं की आवाज कधी चढला, किती वाजले होते, त्याच्या आधी काय झालं, अंगात काय जाणवलं, आणि तोंडातून काय निघालं. ड्युटी संपताना पाच मिनिटं. मोठमोठं लिहायचं नाही, "१.५०, डिस्चार्ज फाईल अडकली, कान गरम, वॉर्डबॉय मामांवर ओरडले" एवढं पुरे.

माझ्या वहीत काय निघालं सांगू? बहुतेक सगळे प्रसंग दुपारी १ ते २.३० मधले. म्हणजे डबा खाल्लेला नाही, डिस्चार्ज अडकलेत, टीपीएचा (विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीचा) फोन चालू आहे आणि हँडओव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं, डोक्यावर. मी स्वतःला तापट समजत होते, निम्म्या वेळा मी नुसती उपाशी होते. तेव्हापासून साडेबाराला चार घास खातेच, उभ्याने का होईना, आणि हा या पूर्ण लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

दुसरं निघालं ते जरा टोचणारं होतं. माझा आवाज ठराविक लोकांवरच चढत होता, जे हळू बोलतात, सांगताना अडखळतात त्यांच्यावर. जी मुलगी फटाफट उत्तर देते तिची तीच चूक मी हसून सोडत होते. हे वहीत दिसलं नसतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी सगळ्यांना सारखंच वागवते.

वहीत भावनेचं नाव लिहायची सवय लावा, आणि "डोकं फिरलं" हे नाव नाही. आपल्याकडे शब्द भरपूर आहेत की, चिडचिड वेगळी, वैताग वेगळा, संताप वेगळा, अपमान वाटणं वेगळं, धास्ती वेगळी. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं होतं की भावनेला शब्दात नाव दिलं की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला तो धोक्याची घंटा वाजवणारा भाग, जरा शांत होतो. मला तर नाव शोधताना कळलं की माझा अर्धा राग हा राग नव्हताच, ती भीती होती, काही झालं तर मलाच विचारतील याची. भीती वाटतेय हे कळलं की काय करायचं ते सुचतं, राग आलाय एवढंच कळलं तर फक्त ओरडायला सुचतं.

पायरी २ : हँडरबची वीस सेकंदं

राग आला की दहा आकडे मोजा म्हणतात, वॉर्डमध्ये कोण आकडे मोजतंय. पण एक गोष्ट आपण दिवसातून पन्नासदा करतो आणि कोणी का म्हणून विचारत नाही, ती म्हणजे हँडरब, सॅनिटायझरने हात चोळणं. डब्ल्यूएचओच्या पद्धतीने नीट केला तर २० ते ३० सेकंद लागतात. तळहात, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, बोटांची टोकं. काही खटकलं, कान गरम झाले, की मी भिंतीवरच्या बाटलीकडे जाते आणि पूर्ण पद्धतीने हात चोळते, एक स्टेपही गाळत नाही, श्वास सोडताना जरा लांब सोडते. परत वळेपर्यंत पहिलं वाक्य गिळलेलं असतं आणि दुसरं तयार असतं. दुसरं वाक्य जवळजवळ नेहमीच बरं असतं. आणि इन्फेक्शन कंट्रोलवाल्या सिस्टर पण खुश.

तेवढं पुरत नसेल तर एक वाक्य पाठ करून ठेवा, "मी ऐकलंय, मला दोन मिनिटं दे, येते." आणि खरंच या, नाहीतर लोक त्या वाक्याचा अर्थ "मॅडम पळाल्या" असा घेतात.

एक अपवाद. कार्डिॲक अरेस्ट, पेशंट पडला, आग, अशा वेळी शांत कोमल आवाजाची गरज नाही. तिथे मोठा, स्पष्ट, छोट्या वाक्यांचा आवाज लागतो आणि नाव घेऊन काम सांगावं लागतं, "स्वाती, क्रॅश कार्ट आण. आणलंस की सांग." (क्रॅश कार्ट म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची, सामानाची गाडी.) नुसतं "कोणीतरी आणा रे" म्हटलं की सगळे धावतात आणि कार्ट तिथेच राहतं. पण ते झाल्यावर पाच मिनिटांनी तिला सांगा की मघाशी आवाज चढला तो तुझ्यावर नव्हता. हे सांगितलं नाही तर ती तो आवाज घरी घेऊन जाते.

पायरी ३ : हँडओव्हर ही कोर्टकेस नाही

सकाळचा हँडओव्हर आठवा. नाईटची मुलगी बारा तास उभी, हडपसरची बस पकडायचीये, आणि मॉर्निंगचा सगळा ताफा तिच्याभोवती उभा राहून विचारतोय हे का राहिलं, ते का नाही लिहिलं. मी स्वतः हे वर्षानुवर्षं केलं. आता मी दोन गोष्टी बदलल्यात.

पहिला प्रश्न "रात्र कशी गेली?" असतो, आणि उत्तर येईपर्यंत मी फाईल उघडत नाही. बघायला दहा सेकंद लागतात, पण त्या उत्तरातच कळतं की आज हिच्याकडून सगळं पेशंटच्या भाषेत येणारे की बचावाच्या भाषेत.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटी मी विचारते, "तुला स्वतःला आज कुठल्या पेशंटची काळजी वाटतेय?" हा प्रश्न सोन्याचा आहे. चार्टवर सगळं नॉर्मल असतं आणि मुलगी म्हणते, "मॅडम, सात नंबरच्या आजी काहीतरी वेगळ्याच वाटतायत, रात्री दोनदा मला मुलीच्या नावाने हाक मारली." कुठल्याही कॉलममध्ये हे बसत नाही म्हणून ते कोणी सांगत नाही, विचारलं तरच सांगतात. आजींचं सोडियम कमी निघालं होतं, त्यानेच त्या गोंधळल्या होत्या.

वागणुकीचा विषय, उशिरा येणं, मोबाईल, युनिफॉर्म, हे हँडओव्हरला काढायचंच नाही. पेशंट ऐकत असतो, झोपलेला वाटतो पण सगळं ऐकत असतो.

पायरी ४ : चूक झाली, आता पुढचा एक तास

इथे जरा थांबून सांगते कारण इन्चार्जची खरी परीक्षा इथेच असते.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, अंदाज असा होता की चांगल्या टीममध्ये औषधाच्या चुका कमी असतील. निघालं उलटं, चांगल्या टीम्समध्ये चुका जास्त नोंदलेल्या. मग लक्षात आलं की त्या जास्त चुकत नव्हत्या, त्या जास्त सांगत होत्या. म्हणून ज्या वॉर्डचं इन्सिडेंट रजिस्टर कोरं करकरीत असतं तिथल्या इन्चार्जचं मी अभिनंदन करत नाही, मला काळजी वाटते.

तर क्रम असा. आधी पेशंट, व्हायटल्स (बीपी, पल्स वगैरे), डॉक्टरला फोन, जे करायचं ते. यात चूक कोणाची हा शब्दसुद्धा काढायचा नाही. मग ती मुलगी. तिचे हात थरथरत असतात, तिला लगेच दुसऱ्या पेशंटचं इंजेक्शन भरायला लावू नका, दुसरी चूक तिथेच होते. तिची दोन कामं दुसरीला द्या, खुर्चीवर बसवा, पाणी द्या. मग विचारा "काय झालं ते पहिल्यापासून क्रमाने सांग." "का केलंस?" नको. का विचारलं की माणूस वकील होतो, काय झालं विचारलं की साक्षीदार होतो.

ऐकताना डोक्यात तीन खण ठेवा. नजरचुकीने झालं, शॉर्टकट मारला, की माहीत असून बेफिकिरी केली. नजरचूक असेल तर धीर द्या आणि सिस्टीम बघा. शॉर्टकट असेल तर समजवा, आणि हेही बघा की सगळेच तो शॉर्टकट का मारतायत, बऱ्याचदा माणसं कमी असतात म्हणून मारतात. तिसरा खण असेल तर लेखी मेमो, आणि तिथे कच खाऊ नका, समजूतदारपणा म्हणजे सगळं पोटात घालणं नाही.

आमच्या इन्सुलिनच्या प्रकरणात पहिला खण होता. मी तिची माफी मागितली, बाटलीवरून ओरडल्याबद्दल, जीभ जड झाली होती खरं सांगते. मग आम्ही दोघींनी मिळून लाल टोपणाच्या ४० च्या आणि केशरी टोपणाच्या १०० च्या सिरिंज वेगवेगळ्या डब्यात ठेवल्या, डबे वेगळ्या कप्प्यात, आणि घरून आलेल्या प्रत्येक व्हायलवर आकडा मोठ्या मार्करने. इन्सिडेंट फॉर्म तिनेच भरला, माझ्या शेजारी बसून. पुढच्या महिन्यात रजिस्टरमध्ये पाच नोंदी आल्या. वरून विचारणा झाली की तुमच्या वॉर्डात अचानक एवढ्या चुका कशा वाढल्या. मी म्हटलं वाढल्या नाहीत, बाहेर आल्या.

पायरी ५ : कान उघाडणी, पण टोमणा वगळून

आपलं पुणं टोमण्यासाठी प्रसिद्ध, पाट्या तर जगभर फिरतात आणि आपल्याला त्याचा अभिमानही आहे. पण वॉर्डमध्ये टोमणा विषासारखा आहे. "अरे वा, आलात का सिस्टर, आम्हाला वाटलं रजेवरच आहात." सगळे हसतात, ती पण हसते, आणि आत काहीतरी तुटतं. शिवाय नुसत्या टोमण्यातून तिला करायचं काय ते कळतच नाही. आमच्याकडे केरळच्या मुली आहेत, लातूर-नांदेडच्या आहेत, विदर्भातल्या आहेत, त्यांना तर आपला टोमणा आधी कळत नाही आणि कळतो तेव्हा दुप्पट लागतो. आणि हो, त्यांच्या बोलीची नक्कल करून हसणं बंद करा. "करून राहिली" म्हटलं म्हणून तिची आयव्ही लाईन वाकडी जात नाही.

त्यापेक्षा त्याच दिवशी, एकटीला, दार लोटून, एकच गोष्ट सांगा. दिसलेली गोष्ट सांगा, स्वभाव नको. "तू बेजबाबदार आहेस" याच्यावर ती काय करणार? "या आठवड्यात तू तीनदा सव्वाआठला आलीस, त्यामुळे नाईटच्या मुलीची बस चुकली, काय अडचण आहे?" याला उत्तर आहे. मला एकीने उत्तर दिलं की कात्रजवरून येताना मुलाला पाळणाघरात सोडते आणि ते आठलाच उघडतं. दोन महिने तिला दुसरी शिफ्ट दिली, प्रश्न संपला. मी दोन आठवडे तिला आळशी समजत होते.

कौतुक मात्र चारचौघांत करा, आणि नेमकं करा. "छान काम" याला काही अर्थ नाही. "बारा नंबरच्या काकांचं ड्रेसिंग करताना तू त्यांना क्रिकेटवर बोलतं ठेवलंस, ते ओरडलेच नाहीत" हे कौतुक ती वर्षभर जपते.

पायरी ६ : डॉक्टर मंडळी

रात्री २ वाजता फोन करायचा आणि समोरचा झोपेत. "सर, तीन नंबर पेशंटला बरं वाटत नाहीये" असं म्हटलं की तिकडून वैतागच येणार. एसबीएआर (सिच्युएशन, बॅकग्राउंड, असेसमेंट, रेकमेंडेशन) वापरा, अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांमध्ये सुरू झालेली आणि मग हॉस्पिटलांनी उचललेली पद्धत. आत्ता काय, आधी काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवंय. "सर, बेड तीन, बीपी ९० बाय ६०, पल्स १२०. दुपारी हर्नियाचं ऑपरेशन झालंय. मला ब्लीडिंगची शंका येतेय. तुम्ही लगेच येऊन बघा, तोवर मी फ्लुइड चालू करू का?" बारा-पंधरा सेकंदांचा फोन, आणि समोरच्याची झोप उडते. मुलींना हे कागदावर लिहून फोन करायला लावा, सुरुवातीला "मला काय वाटतं" तिथे सगळ्या अडतात, कारण आपल्याला कोणी कधी विचारलेलंच नसतं तुम्हाला काय वाटतं म्हणून.

ऐकलं नाही तर तीन पायऱ्या चढायच्या. "सर, मला काळजी वाटतेय." मग "सर, हे मला बरोबर वाटत नाहीये." मग "सर, हा पेशंटच्या सेफ्टीचा प्रश्न आहे, आपण थांबूया." आवाज तिन्ही वेळा सारखाच, वाढतं ते वाक्य.

आणि जो सर्जन सगळ्यांसमोर तुमच्या स्टाफवर ओरडतो? तुम्ही मध्ये उभ्या राहा, शब्दशः, दोघांच्या मध्ये. "सर, आपण काउंटरला बोलूया, मी येते तुमच्याबरोबर." चालायला लागा, ते मागून येतात. तिथे त्यांचं म्हणणं पूर्ण ऐका, त्यात तथ्य असतंही बऱ्याचदा, ते मान्य करा, आणि मग सांगा की पुढच्या वेळी मला सांगा, पेशंटसमोर नको. माझ्या अनुभवात दहातले सात जण ऐकतात. उरलेल्या तिघांसाठी तारीख-वेळ लिहून मेट्रनकडे लेखी. आणि ओरडण्याच्या पुढे जाऊन अंगचटीचा, घाणेरड्या बोलण्याचा प्रकार असेल तर तिथे समजूत काढत बसायचं नाही, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने हॉस्पिटलमध्ये अंतर्गत समिती असायलाच हवी, तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, मुलीला तिथपर्यंत सोबत घेऊन जा.

पायरी ७ : नातेवाईक

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोडच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हाचं आठवा. धडधाकट माणूस, आधी जुलाब, मग पायातली ताकद गेली, आणि दोन दिवसांत व्हेंटिलेटर. बाहेर नातेवाईक, हातात मोबाईल, त्यात शंभर अफवा, आणि इंजेक्शनच्या खर्चाचा आकडा ऐकून पाय गळालेले. असा माणूस काउंटरवर हात आपटतो तेव्हा तो तुमच्यावर रागावलेला नसतो, त्याला कळत नसतं की पुढे काय होणार आणि ते कोणी सांगत नसतं.

"शांत व्हा" म्हणू नका, आजवर कोणीही शांत व्हा म्हटल्यावर शांत झालेलं नाही. काउंटरच्या मागून बाहेर या, समोरासमोर न उभं राहता जरा बाजूला, तिरपं. जमलं तर बसवा, बसलेला माणूस कमी ओरडतो. नाव विचारा, दादा ताई काका जे शोभेल ते. "तुम्ही रात्रीपासून बसलाय, कोणी काही सांगितलं नाही, माझीही चिडचिड झाली असती" हे म्हणा, त्याने हॉस्पिटलची चूक मान्य केली असं होत नाही. मग एक छोटं वचन द्या, जे पाळता येईल तेच. "मी ५ वाजता स्वतः येऊन सांगते." आणि ५ ला जा, सांगायला काही नसलं तरी जा, "दादा, अजून रिपोर्ट आला नाही, सातला परत येते." या एका सवयीने माझ्या वॉर्डची निम्मी भांडणं कमी झाली.

घोळक्यात बोलू नका, त्यातला एक जबाबदार माणूस निवडा, बहुतेक वेळा तो गप्प उभा असलेला असतो, सगळ्यात मोठ्याने बोलणारा लांबचा नातेवाईक असतो.

पण हद्द कुठे ते माहीत हवं. शिव्या, धक्काबुक्की, तोडफोड सुरू झाली की समजूत संपली. दाराच्या बाजूला तुम्ही असा, भिंतीकडे नाही. स्टाफला आत घ्या, सिक्युरिटी, पोलीस. महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, वैद्यकीय सेवेतल्या माणसावर हल्ला केला तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड, आणि त्यात फक्त डॉक्टर नाही, नर्सही येते. याची पाटी दर्शनी भागात लावून घ्या. ही पाटी पुणेरी असली तरी चालेल.

पायरी ८ : रोस्टर

सहानुभूती आहे की नाही ते भाषणात नाही, रोस्टरमध्ये दिसतं. गणपती विसर्जनाला आपल्याकडे मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, मध्यवस्तीतले रस्ते बंद, बस वळवलेल्या. त्या रात्री कोणाची ड्युटी आणि ती घरी कशी जाणार हे इन्चार्जने आधी बघायला हवं. मी एका जुन्या वहीत मागच्या तीन वर्षांचं लिहून ठेवलंय, गौरी, विसर्जन, दिवाळी, ईद, ओणम, ख्रिसमस, कोणी काय केलं. वाद झाला की वही उघडते, माझी आठवण नाही.

लिहून ठेवल्यावर लक्षात आलं की लग्न न झालेल्या मुलींना आपण न विचारता सणाच्या नाईट देतो, आणि हॉस्पिटलजवळ राहणाऱ्यांना दर वेळी "जरा ये ना ग" म्हणून बोलावतो. त्या नाही म्हणत नाहीत, आणि एक दिवस राजीनामा देतात. मावशी आणि मामांच्या सुट्ट्याही याच वहीत आल्या पाहिजेत.

पायरी ९ : मृत्यूनंतरची पाच मिनिटं

पेशंट गेला की लगेच बेड रिकामा करायचा फोन येतो. तरी पाच मिनिटं घ्या. जे जे त्या पेशंटबरोबर होते, मावशीसकट, त्यांना पॅन्ट्रीत बोलवा, चहा नाहीतर पाणी. फक्त विचारा, कशी आहेस. भाषण नको. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये भावनिक श्रम ही कल्पना मांडली, नोकरीचा भाग म्हणून चेहऱ्यावर ठराविक भाव ठेवायचे हेही कामच आहे, त्याने माणूस दमतो. आपण बेड नऊला रडणं दाबतो आणि बेड दहाला हसत "काय काका, जेवलात का" म्हणतो, ते हेच.

मार्च २०२० मध्ये राज्यातले पहिले कोविड पेशंट पुण्यात, नायडू हॉस्पिटलला दाखल झाले, तिथून पुढचे महिने आपण सगळे पीपीईच्या आत होतो, कोणाचा चेहराच दिसत नव्हता. तेव्हा मी "ठीक आहेस ना?" विचारायचं सोडलं, कारण उत्तर हो च येतं. "एक ते दहा मध्ये आज किती?" असं विचारायला लागले. कोणी तीन म्हटलं की तिला ब्रेक. अजूनही तेच विचारते.

तुम्ही समुपदेशक नाही हेही लक्षात असू द्या. झोप उडालीये, जेवण सुटलंय, ड्युटीवर यायचीच भीती वाटते असं दिसलं तर नीट मदतीपर्यंत पोचवा. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर मी चेंजिंग रूमच्या आरशावर चिकटवलाय, नोटीस बोर्डावर नाही, बोर्डासमोर उभं राहून कोणी असला नंबर लिहून घेत नाही.

पायरी १० : महिन्यातून एकदा चिठ्ठी

शेवटची आणि सगळ्यात अवघड. महिन्याच्या शेवटी एक रिकामा ग्लोव्ह्जचा डबा ठेवा आणि स्टाफला सांगा की नाव न घालता एकाच प्रश्नाचं उत्तर टाका, "मॅडमनी कुठली एक गोष्ट करणं थांबवावं?" चिठ्ठ्या घरी जाऊन वाचा, वॉर्डमध्ये नाही. अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नका, मोह होतो, मलाही होतो. दुसऱ्या दिवशी त्यातली एक गोष्ट सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि ती बदला.

माझ्या पहिल्या महिन्याच्या डब्यात सात चिठ्ठ्या होत्या. तीन कोऱ्या, दोन रोस्टरच्या, एकीत "काही नाही मॅडम, तुम्ही खूप छान आहात", त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. सातवीत लिहिलं होतं, "तुम्ही कॉरिडॉरमधून येताना पेनाचं बटण टिकटिक करता. जोरात टिकटिक आली की आम्ही त्या दिवशी तुम्हाला काहीच सांगत नाही."

मला माहितीच नव्हतं मी टिकटिक करते. आता टोपणाचं पेन वापरते.